अनिच्छेने आलेला ग्रंथपाल

जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने आपला पहिला ग्रंथपाल म्हणून गणिताच्या एका अध्यापकाची नेमणूक केली. शियाली रामामृत रंगनाथन हे त्यांचे नाव. वर्गाची सवय असलेल्या या माणसाला ती निवांत खुर्ची काही दिवसांतच असह्य झाली आणि ते पुन्हा प्रेसिडेन्सी कॉलेजात घ्या म्हणून विनवू लागले. इंग्लंडमधील प्रशिक्षण आटोपून या, मग पाहू, एवढेच आश्वासन मिळाले.

परतले ते मात्र पक्के ग्रंथपाल होऊन. लंडनच्या एका दुकानात मेकॅनोच्या त्याच त्या पट्ट्या व स्क्रू जोडून निरनिराळी खेळणी तयार होताना त्यांनी पाहिली आणि वर्गीकरणाची किल्ली त्यांना गवसली. दशांश पद्धतीत विषयाला आधीच आखलेल्या खणात बसावे लागे. भारतातील विणकरांच्या विशिष्ट काळातील मजुरीवर पुस्तक लिहिले गेले, तर ते कोणत्या खणात ठेवायचे? रंगनाथन यांनी व्यवसाय, प्रश्न, स्थळ, काळ असे घटक सुटे केले आणि चिन्हांनी जोडले. ही द्विबिंदू पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली. ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, हे त्यांचे पहिले सूत्र त्याआधी, १९३१ मध्येच, आले होते. १९४५ नंतर बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे लाखभर ग्रंथांचे वर्गीकरण जवळजवळ एकहाती केले.

विद्यार्थी ही पाच सूत्रे परीक्षेपुरती पाठ करतात. सूत्रकाराने पैशाचा विचार किती चिकाटीने केला, हे सहसा कोणी सांगत नाही. वापर वाढवायचा तर ग्रंथालयाला हक्काचे उत्पन्न हवे, हे त्यांनी ओळखले होते. आदर्श ग्रंथालय कायद्याचा मसुदा त्यांनी १९३० मध्ये बनारसच्या शिक्षण परिषदेत मांडला. मद्रासचा कायदा १९४८ साली झाला. मधली अठरा वर्षे पाठपुराव्यात गेली. संस्थानी कोल्हापुरात असा कायदा १९४५ मध्येच झाला होता, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. मद्रासच्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसविला. रक्कम अल्प, पण ती मागायला कोणाच्या दारी जावे लागत नाही.

महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला, मात्र उपकर टाळला. भिस्त ठेवली ती सरकारी अनुदानावर. अंदाजपत्रकात काटछाट करावयाची झाल्यास शाळा, रस्ते आणि वाचनालये यांपैकी कोणाचा क्रम आधी लागतो, हे गावच्या ग्रंथपालाला अर्थशास्त्र न शिकताही ठाऊक असते.