विश्लेषण : पिंजऱ्यातील वाघापेक्षा पिंजऱ्याचे दार धोक्याचे? प्राणिसंग्रहालयातील कर्मचाऱ्यांचा जीव नेमका कशाने जातो?

केज तालुक्यातील युसूफ वडगाव आणि आसपासच्या गावांतील मुलांनी वाघ पाहिलेला असतो तो बहुधा शाळेच्या सहलीत. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा आणि मग छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान, हा मराठवाड्यातील सहलींचा ठरलेला रस्ता. जाळीपलीकडे पट्टे दिसले की सगळे मोबाइल वर होतात. त्याआधी सकाळी कुणीतरी तो पिंजरा झाडलेला असतो, हौदातले पाणी बदललेले असते, रात्रीची हाडे उचललेली असतात. त्या वेळी वाघ असतो एका लोखंडी दारापलीकडे. गेल्या काही वर्षांत देशातील प्राणिसंग्रहालयांत झालेले कर्मचाऱ्यांचे मृत्यू पाहिले, तर त्यातील बरेचसे याच वेळी झाले आहेत.

कुठे, काय घडले?

ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळूरुजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात पांढऱ्या वाघाच्या बछड्यांनी एका कर्मचाऱ्याला ठार केले. त्याला कामावर लागून जेमतेम काही दिवस झाले होते. मे २०२२ मध्ये इटानगरच्या प्राणिसंग्रहालयात एक कर्मचारी पिंजऱ्यातील पाण्याचे टाके साफ करायला उतरला. वाघीण जिथे अडकवून ठेवायची तिथली दारे उघडी राहिली होती, असे नंतर समोर आले. ही वाघीण पिल्लू असताना जंगलातून वाचवून आणलेली होती. १ जुलै २०२१ रोजी तिरुवनंतपुरमच्या प्राणिसंग्रहालयात नागराजाचा पिंजरा साफ करताना दंश होऊन कर्मचारी दगावला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात हत्तीने आपल्या रोजच्या माणसाचा जीव घेतला. जुलै २०२४ मध्ये रांचीच्या बिरसा जैविक उद्यानात नुकत्याच व्यालेल्या पाणघोड्याच्या मादीने कर्मचाऱ्यावर हल्ला केला आणि तोही वाचला नाही.

प्राणी वेगळे, राज्ये वेगळी. पण यातील एकही माणूस प्राण्याशी खेळायला किंवा फोटो काढायला गेला नव्हता. सगळे रोजचेच काम करत होते.

झाडलोटीचीच वेळ का?

वाघ, सिंह, बिबट्या यांच्या पिंजऱ्याचे साधारण दोन भाग असतात. पुढचा मोकळा, लोकांना दिसणारा. मागे रात्री कोंडून ठेवायच्या खोल्या. दोन्हींच्या मध्ये वर-खाली किंवा बाजूला सरकणारे लोखंडी दार असते आणि ते बाहेरून, तार किंवा साखळी ओढून चालवले जाते. सकाळी प्राणी पुढे सोडायचा, दार पाडायचे, कुलूप लावायचे आणि मगच मागची खोली धुवायची. संध्याकाळी मांसाच्या आशेने प्राणी आत येतो, तेव्हा उलटा क्रम.

ऐकायला सोपे आहे. पण दाराच्या खोबणीत हाडाचा तुकडा अडकतो. पाण्याने गंज चढतो आणि दार चार बोटे वरच राहते. एका पिंजऱ्यात तीन बछडे असतात, दोन आत गेलेले दिसतात आणि तिसरा हौदाच्या आडोशाला झोपलेला असतो. सकाळच्या पाळीचा माणूस म्हणतो कुलूप मी लावले, दुसरा समजतो त्यानेच तपासलेही. चारशे दिवस काहीच होत नाही, म्हणून चारशे एकाव्या दिवशी कडीकडे पाहिले जात नाही. विजेची कामे करणाऱ्या वायरमनची गत काहीशी अशीच असते: खांबावर चढताना लाइन बंद आहे हे दुसऱ्याच्या शब्दावर मानले की संपले.

यावरचे उपाय फार जुने आहेत आणि स्वस्तही आहेत. मोठ्या मांसाहारी प्राण्यांकडे एकट्याने जायचे नाही. आत पाय ठेवण्यापूर्वी प्राणी मोठ्याने मोजायचे आणि ते कुठे आहेत हे डोळ्यांनी पाहायचे. बाहेरच्या दारानंतर आणखी एक दार हवे, म्हणजे एक चुकले तरी दुसरे अडवते. दोन माणसांकडे दोन वेगळ्या किल्ल्या असल्या तर आणखी चांगले. अडचण एवढीच, की यातील पहिल्याच उपायाला दोन माणसे लागतात. मंजूर पदे रिकामी ठेवून कंत्राटी माणसांवर काम ओढायचे ठरले, की सर्वांत आधी हा दुसरा माणूसच कमी होतो.

‘लहानपणापासून वाढवलाय, मला काही करणार नाही’

ही समजूत किती खरी, हे ठरवायला प्राणिशास्त्र शिकावे लागत नाही. बीड जिल्ह्यात ज्याच्या दावणीला म्हैस आहे त्याला ते ठाऊक आहे. रोज धार काढणाऱ्यालाही व्यालेली म्हैस पहिले काही दिवस रेडकाजवळ सहज येऊ देत नाही. रांचीत जे झाले ते हेच. फरक एवढाच की पाणघोड्याची मादी हजार किलोंच्या पुढची असते, सुळे हातभर लांब असतात आणि जमिनीवर ती माणसापेक्षा वेगाने धावते. तिथला कर्मचारी पिल्लाजवळ गेला होता.

हत्तीचा प्रश्न आणखी वेगळा. वयात आलेल्या नराला ठरावीक काळाने मद येतो. डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून स्राव गळू लागतो, शरीरातील संप्रेरक कित्येक पटींनी वाढते आणि हे काही आठवडे ते महिने चालते. या काळात वीस वर्षांचा माहूतही त्याला नको असतो. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच देशातील प्राणिसंग्रहालयांमधले हत्ती बाहेर मोठ्या छावण्यांत हलवण्याचा निर्णय घेतला होता. हैदराबादची घटना त्यानंतर चौदा वर्षांनी घडली. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०१४ पासून हत्ती आणि कर्मचारी यांच्यात कायम अडथळा ठेवण्याची सक्ती केली. पायाची नखे कापायची तरी हत्ती गजांच्या फटीतून पाय बाहेर देतो. आपल्याकडे अंकुश आणि ओळख यांवरच अजून बरेच काही चालते.

बाटलीने दूध पाजून वाढवलेला प्राणी माणसाला घाबरत नाही. जंगलातला बिबट्या चाहूल लागताच शक्यतो बाजूला होतो. पिंजऱ्यात वाढलेला सरळ जवळ येतो. हरणांमध्येही हे दिसते. हाताने वाढवलेला नर काळवीट माजावर आला की ज्या माणसाने पाला टाकला त्याच्याच मांडीत शिंग घालतो. हरणांच्या आवारात मात्र लोक निर्धास्तपणे शिरतात.

जंगलातून पकडून आणलेला बिबट्या

बीड जिल्ह्याला बिबट्याचा कटू अनुभव आहे. २०२० च्या नोव्हेंबरअखेर आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. डिसेंबरमध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात त्याला गोळी घालण्यात आली. पण असे सगळेच मारले जात नाहीत. राज्यात ठिकठिकाणी पकडलेले बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रात, नागपूरच्या गोरेवाड्यात, बोरिवलीत जातात आणि अनेकदा आयुष्यभर तिथेच राहतात. बातमी पिंजरा लागला तिथे संपते. त्या पिंजऱ्यात पुढची दहा-बारा वर्षे मांस टाकणाऱ्याची बातमी होत नाही.

मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या कात्रज प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यातून एक बिबट्या निसटला. तो संग्रहालयाच्या आवारातच होता. पर्यटकांसाठी दरवाजे बंद झाले आणि दुसऱ्या दिवशी बेशुद्ध करून त्याला पकडण्यात आले. दरवाजे बंद झाल्याने पर्यटक सुरक्षित होतात, कर्मचारी मात्र त्याच दरवाजांच्या आत शोध घेत फिरतात. बेशुद्धीचा बाण लागला तरी प्राणी लगेच पडत नाही. औषध चढायला काही मिनिटे जातात आणि तेवढ्यात जखमी, बिथरलेला बिबट्या कुठेही झेप घेऊ शकतो. हत्ती-गेंड्यांसाठी वापरले जाणारे एटॉर्फिन तर एवढे तीव्र असते, की त्याचा अगदी थोडा अंश माणसाच्या शरीरात गेला तरी श्वास थांबू शकतो. म्हणून ते वापरताना उतारा आधी हाताशी तयार ठेवतात.

दात-नख्यांखेरीज

नागराजाच्या विषावर आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारी लस चालत नाही. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी बनते. नागराज ठेवणाऱ्या संग्रहालयाकडे त्याच्यासाठीचे वेगळे औषध आहे का, हा प्रश्न साप आणण्याआधीच विचारायला हवा.

आजार दिसत नाहीत, म्हणून त्यांची भीतीही वाटत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावला. तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. ज्यांनी त्या वाघांच्या खोल्या धुतल्या, त्यांचा संबंध थेट लाळ-विष्ठेशी येतो. हत्तींमधील क्षय माणसाला होऊ शकतो आणि माणसाचा हत्तीलाही. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या आठ सिंहांना करोना झाल्याचे आढळले, तेव्हा उलट दिशेचा रस्ताही सर्वांना दिसला. रबरी बूट, हातमोजे, मास्क, पाय बुडवायचा जंतुनाशकाचा हौद आणि नियमित छातीची तपासणी एवढे तरी मिळते का, हे ज्याचे त्याने आपल्या शहरात पाहावे. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पिंजऱ्यांना कूलर लागल्याचे फोटो दरवर्षी छापून येतात. ते कूलर भरणारा माणूस तेव्हा उन्हात असतो.

जीव गेला तर कुटुंबाला काय?

कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात धोक्याच्या कामांची यादी आहे. हत्ती किंवा वन्य प्राण्यांना शिकवणे, सांभाळणे हे काम त्या यादीत स्पष्टपणे आहे. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. ईएसआय लागू नसेल तर मृत्यूची भरपाई अशी मोजतात: महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसारचा आकडा. चाळिशीच्या माणसासाठी तो १८४.१७ आहे. पगार ९,००० असेल तर ४,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे ८ लाख २८ हजार ७६५ रुपये. १५,००० असेल तर १३ लाख ८१ हजार २७५.

म्हणजे पगार कागदावर जेवढा कमी, तेवढी भरपाई कमी. कंत्राटदाराकडून कामावर असलेल्याच्या घरच्यांना ‘तो आमचा माणूसच नव्हता’ असे ऐकावे लागते. पण कायद्यानुसार काम ज्याचे, त्या मूळ मालकाकडे, म्हणजे महापालिकेकडे किंवा वन विभागाकडे, थेट मागणी करता येते. कंत्राटदाराकडून वसुली करणे हे मग त्यांचे काम. हजेरीपत्रक, पगार जमा झाल्याच्या बँक नोंदी आणि ओळखपत्राचा फोटो घरी एका मोबाइलमध्ये तरी असावा. दावा दाखल करायला मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत असते.