पिवळी भिंत, पांढरी भिंत

इंदूरमधील एका जुन्या घराच्या तळमजल्यावर माझा दवाखाना आहे. त्याला रंग द्यायचे ठरले, तेव्हा रंगाऱ्याने तपासणीच्या खोलीत दोन पट्टे ओढून दाखवले : एक फिकट पिवळा, दुसरा मोतिया पांढरा. ‘मुलांचा दवाखाना, पिवळाच शोभेल,’ असे त्याचे मत पडले. वीस वर्षांपूर्वी माझेही हेच मत होते. पांढऱ्या भिंतींना मुले बुजतात, म्हणून ही खोली मी हौसेने पिवळी करून घेतली होती.

त्याच खोलीत एकदा चार दिवसांचे बाळ तपासणीस आले. अंग किंचित पिवळसर वाटले. पण त्या खोलीत सारीच बाळे तशी दिसत. भिंतीची झाक समजून मी निर्धास्त झाले. निघता निघता आजी म्हणाल्या, “डॉक्टरबाई, एकदा ओसरीवर उजेडात बघता का?” ओसरीवर पाहते तो कावीळ थेट तळपायांपर्यंत! बिलिरुबिन १९ मिलिग्रॅम निघाले. निळ्या प्रकाशाच्या उपचाराने बाळ सावरले, रक्त बदलावे लागले नाही. परंतु बिलिरुबिन आणखी चढून मेंदूला इजा झाली असती, तर ती आयुष्यभराची ठरली असती.

भिंतीवरून परावर्तित होणारा प्रकाश त्वचेवर आपली छटा चढवतो. डोळा त्या छटेला सरावतो आणि ती मनोमन वजा करू लागतो. त्या वजाबाकीत खरी कावीळही निसटते. भिंतीचा रंग हा नजरेचा प्रश्न आहे, हे शल्यचिकित्सकांनी फार पूर्वी ओळखले. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. हॅरी शर्मन यांनी शस्त्रक्रियागृहातील पांढऱ्या रंगाच्या झगझगाटाला कंटाळून तेथे हिरवा रंग आणला. हिरवा हा रक्ताच्या लाल रंगाचा पूरक; त्यामुळे डोळ्यांना विसावा मिळून बारकावे स्पष्ट दिसतात. त्यांना पांढरा अडसर ठरला, मला पिवळा. काय पाहायचे आहे, त्यावर भिंतीचा रंग ठरावा.

मी तपासणीच्या खोलीसाठी मोतिया पांढरा निवडला. पिवळा बाहेर, मुले जेथे खेळत बसतात तेथे दिला. अर्थात पांढरी भिंत रक्ततपासणीची जागा घेत नाही. सावळ्या बाळांत तर नजर हमखास फसते.

घरोघरच्या आयांना एवढेच सांगणे : रंगीत पडद्यांच्या खोलीतून तान्हुल्याला रोज खिडकीपाशी उजेडात आणावे, कपाळावर हलकेच बोट दाबून उचलावे. तेथे पिवळेपणा दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि आजी ‘उजेडात बघा’ म्हणाल्या, तर आम्ही डॉक्टरांनी मुकाट्याने ओसरीवर जावे.