रद्दीतले पुस्तक पुन्हा वाचकाच्या हाती



आमच्या पुस्तक उपक्रमासाठी जुनी पुस्तके पाठवायची तर कोणती पाठवावीत आणि ती पोहोचल्यावर त्यांचे पुढे काय होते, असे आपल्यापैकी अनेकजण विचारतात. या अंकात त्याचे सविस्तर उत्तर देतो. आपल्या गावात असे काम सुरू करू इच्छिणाऱ्यांनाही ते उपयोगी पडावे.

बपेरा हे तुमसर तालुक्यातले, राज्याच्या सीमेवरचे गाव. पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. परिसर धानाचा. ज्या गोंड कुटुंबांबरोबर आम्ही काम करतो, त्यांचे वर्ष रोवणी, कापणी, मोहफूल आणि तेंदूपत्ता या हंगामांवर चालते. पुस्तकांचे वेळापत्रकही आम्हाला त्याच हंगामांशी जुळवावे लागते.

गरज नेमकी कुठे आहे?

समग्र शिक्षा योजनेतून सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, पण ती आठवीपर्यंतच. नववीपासून पुस्तके, वह्या असे सगळे खर्च एकदम सुरू होतात. मुली शाळा सोडण्याचा धोकाही याच वळणावर वाढतो. एका वडिलांनी मला विचारले, "दोघी पोरी एकदमच वर गेल्या. आता दोघींतून एकीलेच शिकवावं का जी?" पुस्तकांचा खर्च हा त्या प्रश्नाचा एक भाग होता. सगळा खर्च आम्ही उचलू शकत नाही, एवढा भाग मात्र उचलू शकतो. म्हणून आमची पहिली फळी गोष्टींच्या पुस्तकांची नाही. ती नववी ते बारावीच्या पाठ्यपुस्तकांची आहे.

निवड हेच मुख्य काम

पुस्तके गोळा करणे सोपे असते. कोणती ठेवायची हे ठरवणे कठीण. आलेला प्रत्येक गठ्ठा आम्ही तीन ढिगांत वाटतो: लगेच देता येणारी, दुरुस्त करून देता येणारी आणि रद्दीची.

पाठ्यपुस्तक आले की पहिली पाने उघडून आवृत्तीचे वर्ष पाहतो. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम नववीसाठी २०१७, दहावीसाठी २०१८, अकरावीसाठी २०१९ आणि बारावीसाठी २०२० मध्ये बदलला. त्याआधीचे पुस्तक कितीही कोरे असले तरी परीक्षेला चालत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुस्तके पुन्हा बदलू लागली आहेत, त्यामुळे ही यादी दर उन्हाळ्यात शाळेतल्या गुरुजींकडून तपासून घ्यावी लागते.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले स्पर्धा परीक्षांची पुस्तके मागतात. त्यातले मराठी व्याकरण, अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी लवकर जुने होत नाही. शब्दकोशही वर्षानुवर्षे चालतो. चालू घडामोडींचे पुस्तक मात्र वर्षभरात निरुपयोगी होते. तीच गोष्ट अर्धवट सोडवलेल्या स्वाध्याय पुस्तिकांची.

तिसरा ढीग आम्ही किलोने रद्दीवाल्याला देतो आणि ते पैसे वहीत वेगळे मांडतो. काही दात्यांना याचे वाईट वाटते. माझे म्हणणे एवढेच की, आपल्याला निरुपयोगी झालेले पुस्तक आदिवासी मुलाच्या हाती 'दान' म्हणून देणे म्हणजे आपली अडगळ त्याच्या घरी हलवणे. कालबाह्य पुस्तकावर अभ्यास करून मूल नापास झाले, तर त्याचे वर्ष जाते. आपले काहीच जात नाही.

दुरुस्ती आणि जपणूक

हे काम बचत गटाच्या बाया आणि मोठ्या मुली करतात. बुरशी आलेली पुस्तके प्रथम वेगळी काढायची. ती उघड्यावर, नाकातोंडाला रुमाल बांधून, कोरड्या ब्रशने झटकायची आणि सावलीत वाळवायची. कडक उन्हात कागद कडक होतो. सुटलेली पाने दोऱ्याने शिवायची, पाठीवर जुन्या सुती कापडाची पट्टी मैद्याच्या खळीने चिकटवायची. सेलोटेप वापरायचा नाही, कारण काही वर्षांत तो पिवळा पडून सुटतो आणि त्याच्या गोंदाचा डाग कायमचा राहतो.

आपल्या भागात खरा शत्रू उधळी. मांडणी भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवायची. कडुलिंबाचा पाला ठेवण्याची पद्धत आहे, तो जरूर ठेवावा. पण पावसाळ्यात दर आठवड्याला प्रत्येक फळी हलवून पाहणे, याला पर्याय नाही.

पुस्तक फिरते कसे?

पुस्तक एकदाच देऊन मोकळे झालो, तर तो पुनर्वापर नव्हे. पुस्तक परत आले पाहिजे. म्हणून बोर्डाची परीक्षा संपताच, कुटुंबे तेंदूपत्त्याला जाण्याआधी, आम्ही पुस्तके परत घेतो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर दुरुस्ती होते. अनामत रक्कम आम्ही घेत नाही. पहिल्या पानावर वापरणाऱ्या मुलांची नावे ओळीने लिहिली जातात. आपल्यानंतरही येथे कुणाचे तरी नाव येणार आहे, हे दिसल्यावर मुले पुस्तक जपतात.

गोष्टीच्या पुस्तकांसाठी पेटीची पद्धत चांगली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केले. त्यात पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि ठरावीक काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. टोल्यांवर कपाट ठेवायला जागा नसते, पण एक पेटी कुणाच्याही ओसरीवर मावते.

टाकून दिलेल्या पुस्तकांतून किती उभे राहते, याचे उदाहरण दूरच्या तुर्कस्तानातही आहे. अंकारा शहराच्या चांकाया भागातील सफाई कामगारांनी कचऱ्यात आलेली पुस्तके बाजूला काढली आणि विटांच्या जुन्या कारखान्यात ग्रंथालय मांडले. ते २०१७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेथेही पुस्तके नुसती उचलून भागले नाही, ती तपासून मगच मांडावी लागली.

एक उणीव मात्र रद्दीतून भरून निघत नाही. शहरातून आलेल्या गठ्ठ्यांत गोंडी पुस्तक सापडत नाही. ज्या घरांत अजून गोंडी बोलली जाते, तेथल्या लहान मुलांना आपल्या बोलीतली गोष्ट छापील रूपात दिसणे मोलाचे आहे. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर गोंडी गोष्टी मोफत मिळतात. त्यांच्या छपाईसाठी आम्ही रद्दीचे पैसे राखून ठेवतो.

आपण काय पाठवावे?

नववी ते बारावीची चालू अभ्यासक्रमाची पुस्तके, शब्दकोश, व्याकरण, अंकगणित, मुलांच्या सचित्र गोष्टी. जुनी मासिके, सोडवलेल्या पुस्तिका आणि गाईडे आपल्याच गावी रद्दीत द्यावीत आणि जमल्यास ती रक्कम पाठवावी. वाहतुकीचा खर्च वाचेल. पुस्तके मेअखेर पोहोचली, तर शाळा उघडण्यापूर्वी तयार होतात. गठ्ठा बांधण्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा उघडून पाहावे, आणि हे मी माझ्या नातवंडाला दिले असते का, एवढे स्वतःला विचारावे. उत्तर 'हो' असेल, तर ते अवश्य पाठवा.