उन्हाळ्यात शरीर पाणी कसं राखतं?

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाणी घेऊन ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. तेव्हा शहरानं जशी थेंबाथेंबाची काटकसर केली, तशीच आपलं शरीर दर उन्हाळ्यात करतं. नांदेड-लातूरकडे पारा चाळिशीपार गेला की मोंढ्यातल्या हमालाच्या आणि रानातल्या मजूर बाईच्या अंगातलं पाणी मुख्यतः दोन संप्रेरकं सांभाळतात. ती कशी काम करतात, हे क्रमानं पाहू.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ग्रंथी म्हणजे स्राव तयार करणारा अवयव. घामाच्या ग्रंथीला बारीक नळी असते आणि तिचा स्राव त्वचेवर येतो. काही ग्रंथींना नळीच नसते. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात. त्यालाच संप्रेरक किंवा हार्मोन म्हणतात. ते रक्ताबरोबर अंगभर फिरतं, पण त्याला ओळखणाऱ्या पेशी जिथं असतील तिथंच परिणाम करतं.

1. पाणी घटतं. उन्हात कष्टाचं काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. घामात मीठ असतं, पण रक्तापेक्षा कमी. त्यामुळे मिठाच्या मानानं पाणी जास्त जातं आणि रक्ताचा खारटपणा वाढतो.

2. मेंदूला कळतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. खारटपणा एखाद-दोन टक्क्यांनी वाढला तरी तिथल्या पेशींना ते समजतं.

3. पहिलं संप्रेरक सुटतं. हायपोथॅलॅमसमध्ये व्हॅसोप्रेसिन तयार होतं. ते त्याच्या खालच्या, जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या पीयूषिका ग्रंथीत साठतं आणि गरज पडताच रक्तात उतरतं. साधारणपणे तहान जाणवण्याआधीच हे काम सुरू झालेलं असतं.

4. मूत्रपिंड पाणी परत घेतात. दोन्ही मूत्रपिंड मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक रक्तात परत पाठवतात. लघवी होते ती एरवी दीडेक लिटर. व्हॅसोप्रेसिन वाढलं की हे प्रमाण अर्ध्या लिटरपर्यंत खाली येऊ शकतं आणि लघवी गडद पिवळी होते. आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात, ती जळजळ बहुधा अशा दाट लघवीमुळे होते. जळजळ नको म्हणून काहीजण पाणीच कमी पितात आणि त्रास वाढवून घेतात. भरपूर पाणी पिऊनही ती थांबली नाही किंवा ताप आला, तर जंतुसंसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवावं.

5. दुसरं संप्रेरक मीठ राखतं. प्रत्येक मूत्रपिंडाच्या वरच्या टोकावर एक अधिवृक्क ग्रंथी असते. रक्ताचं प्रमाण घटलं की तिच्यातून अल्डोस्टेरॉन सुटतं आणि मूत्रपिंड मीठ धरून ठेवतात; घामातूनही ते कमी जाऊ लागतं. उन्हाची अशी सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून पुण्या-मुंबईहून मे महिन्यात गावी आलेल्यांनी पहिल्याच दुपारी रानात राबू नये.

6. हुकूम मागे घेतला जातो. आपण पाणी पितो, खारटपणा उतरतो, व्हॅसोप्रेसिन घटतं आणि लघवी पुन्हा फिकी होते. परिणाम साधला की स्राव कमी करायचा, याच पद्धतीनं थायरॉइड आणि इन्सुलिनचाही कारभार चालतो.

आता हे कुठं बिघडतं ते पाहू.

वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते. घरातल्या आजी-आजोबांना ‘पाणी हवं का?’ असं विचारण्यापेक्षा ठरलेल्या वेळी पेला हातात द्यावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

कामावर शौचालय नसल्यानं अनेक बायका दिवसभर पाणी टाळतात. अशा वेळी संप्रेरकांनी कितीही काटकसर केली तरी घामातली तूट भरून निघत नाही.

दारू व्हॅसोप्रेसिनला रोखते. त्यामुळे उन्हातून आल्यावर प्यायलेली बिअर लघवीचं प्रमाण वाढवते.

खूप घाम गेल्यावर नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, क्वचित भ्रमही होतो. अशा वेळी मीठ घातलेलं ताक, लिंबू-सरबत किंवा ओआरएस घ्यावं. मोठ्या पाकिटावर एक लिटर लिहिलेलं असेल, तर ते पूर्ण लिटरभर पाण्यातच मिसळावं. पेल्यात थोडंथोडं टाकू नये.

सतत तहान आणि वारंवार लघवी हे उन्हाचंच लक्षण समजू नये. रक्तातली साखर वाढली की तीही लघवीवाटे पाणी ओढून नेते. साखर तपासून घ्यावी.

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही अल्डोस्टेरॉनची साखळी अडवतात. त्या मनानं बंद करू नयेत; उन्हाळा लागताच डॉक्टरांशी बोलावं.

संप्रेरकं असलेलं पाणी वाचवतात, नवं तयार करत नाहीत. म्हणून तहानेची वाट न पाहता थोडंथोडं पाणी पीत राहावं आणि लघवीचा रंग पाहावा. उन्हात कुणाचं अंग तापून बोलणं असंबद्ध झालं, तर त्याला सावलीत न्यावं, अंग ओलं करून वारा घालावा आणि लगेच 108 वर फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये.