मोटारींतील लहरी पंखा
थंड मुलखांत मोटारींतील उष्ण हवेचा पंखा मध्येंच थांबला, तर समोरची कांच वाफेनें धुरकटते व रस्ता दिसेनासा होतो. हा लहरी दोष प्रकट असतांनाच, गाडी उभी करून पकडावा. पंख्याच्या तारांची जोडणी उपटूं नये. ती हालतांच दोष लपतो. पूर्ण वेगाचें बटण चालू ठेवून जोडणीच्या दोन्ही तारांस टेस्ट-लँप लावावा. दिवा लख्ख पेटूनहि पंखा स्तब्ध राहिला, तर दोष पंख्याचाच. टिचकी मारतांच तो फिरूं लागल्यास आंतील कार्बनचे ब्रश झिजले असावेत. दिवा मंद असल्यास सैल वा करपलेला सांधा शोधावा. २० अँपियर प्रवाहास ०.१ ओहम अडथळा झाला, तरी तेथें ४० वॅट उष्णता निघते. असा सांधा तसाच ठेवून नवा पंखा बसविणें, म्हणजे रोग सोडून रोग्याचा अंगरखा बदलणें होय.