सहलीतल्या मोजक्या जागा कुणाला?

पुण्यातल्या कंपन्या विक्रीचं उद्दिष्ट गाठणाऱ्या वितरकांना बक्षीस म्हणून सहलीला नेतात. कामशेतचं पॅराग्लायडिंग वाऱ्यावर अवलंबून. कोलाडला कुंडलिकेतलं राफ्टिंग भिरा इथल्या जलविद्युत केंद्रातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर. म्हणजे कितीही पैसे मोजले तरी जागा मोजक्याच.

‘आधी नाव देईल त्याला जागा’ ही पद्धत सोपी, पण मला ती अन्यायाची वाटते. दुकानात गिऱ्हाईक सांभाळणारा वितरक फोन पाहतो, तोवर यादी भरलेली असते.

त्यापेक्षा प्रत्येकाकडून पसंतीक्रम लिहून घ्यावा आणि पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवावी. पाळी येईल त्याला उरलेल्यांतली त्याची सर्वांत वरची पसंती मिळते. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशामुळे पुणेकर पालकांना हे ओळखीचं आहे. तिथे पाळी गुणांनी ठरते, हा मुख्य फरक. याचा मोठा गुण असा, की खोटा क्रम लिहून कुणाचाच फायदा होत नाही. सगळ्यांच्या पहिल्या पसंत्याच आधी भागवल्या, तर मात्र लोक गर्दीचा खेळ मुद्दाम खाली लिहू लागतात. अशा वाटपांच्या गणिताचा पाया घालणारे लॉइड शॅपली यांना 2012 मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

जोडप्याची चिठ्ठी एकच ठेवावी. वजनाची, तब्येतीची माहिती आधीच, खाजगीत विचारावी. सर्वांसमोर नाव गाळणं फार लागतं. दुसऱ्या दिवशीच्या खेळांसाठी पाळी उलट्या क्रमाने लावावी, आणि वारा पडून उड्डाण हुकलेल्यांना त्या दिवशी सर्वांत आधी निवडू द्यावं.