शिखर नसलेला डोंगर

महसुली दप्तरात कोकणातल्या सड्यांची, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळमाळांची, नोंद पोटखराबा, वरकस किंवा नुसती पडीक अशी असते. भात पिकत नाही, तेव्हा जमीन वाया गेलेली, असा सरळ हिशेब. तो मांडणारा कारकून बहुधा वैशाखात सड्यावर चढला असावा. कार्तिकात चढला असता तर त्याच्या लेखणीतून काही वेगळं उतरलं असतं. दिवाळी उलटल्यापासून देवदिवाळीपर्यंतच्या महिनाभरात रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्याइतकं निवांत गवताळ रान मला तरी महाराष्ट्रात दुसरं माहीत नाही. कास पठार सुंदरच आहे, पण तिथे गर्दी फुलांची असते तेव्हा माणसांचीही असते. सड्यावर कार्तिकात भेटली तर गुरं भेटतात.

सह्याद्रीतल्या भटकंतीला एक माथा असतो, आणि माथा आला की चढाओढ आली. पुढे गेलेले मागच्यांची वाट बघतात, मागचे ओशाळतात. सड्याला माथाच नाही. गावातून पाखाडीने किंवा पाणंदीने चढायचं, चढण संपली की समोर मैलभर सपाटी, आणि मग कडेकडेने वळसा घालून खाली. कुठूनही परत फिरलं तरी काही अपुरं राहत नाही. म्हणूनच सत्तरी ओलांडलेली आत्या आणि बालवाडीत जाणारा पुतण्या यांना एकाच वेळी घेऊन जाता येईल अशी ही वाट आहे. दोघांच्या चालण्याचा वेग साधारण सारखाच असतो, फक्त थांबण्याची कारणं वेगळी.

आमचा ठरलेला सडा कशेळीचा. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करत मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडायचा, गावखडीचं सुरुबन मागे टाकायचं आणि राजापूर तालुक्यातल्या कशेळीत शिरायचं. सकाळी कनकादित्याचं दर्शन, कारण आत्या त्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. सूर्याची मंदिरं महाराष्ट्रात मोजकीच, त्यातलं हे एक. काठेवाडातून निघालेलं गलबत इथल्या किनाऱ्यासमोर अडलं, तांडेलाने त्यातली सूर्यमूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली आणि पुढे कनका नावाच्या भाविणीला दृष्टान्त झाला, अशी कथा आहे. ती घळ म्हणजे देवघळी. कथेवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, बाराव्या शतकातला ताम्रपट मात्र देवस्थानाने जपलेला आहे, म्हणजे गाव निदान आठशे वर्षांचं जुनं नक्कीच.

दुपारी जेवून पडायचं. नोव्हेंबरातही रत्नागिरीचं ऊन मऊ नसतं, ऑक्टोबरची धग रेंगाळत असते. चारनंतर निघावं. याला आणखी एक कारण आहे, ते पुढे येईलच.

सड्यावर झाडं का नाहीत, हा प्रश्न मुलं पहिल्या दहा मिनिटांत विचारतात. खाली जांभा आहे. बेसाल्टचा काळा दगड लाखो वर्षं उष्ण, ओल्या हवेत कुजत गेला, पावसाने त्यातली सिलिका आणि विरघळणारी द्रव्यं वाहून नेली, उरली लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लोखंडामुळे तो तांबडा दिसतो. जमिनीतून काढताना मऊ, हवा लागली की कठीण. म्हणून तर तो कुऱ्हाडीने तासून चिरे पाडता येतात आणि त्या चिऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहतात. फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतल्या वैद्याने १८०७ साली केरळातल्या अशाच दगडाचं वर्णन करून त्याला लॅटिनमधल्या विटेवरून लॅटेराइट हे नाव दिलं. आपल्याकडे तो त्याआधीही जांभाच होता.

या कातळावर माती वीतभरही नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा चार महिने सडा म्हणजे दलदल. उरलेले आठ महिने जवळजवळ वाळवंट. एकाच जागी दोन्ही सोसणारं मोठं झाड कुठलं मिळणार? ज्यांना आयुष्य घाईने उरकता येतं त्या वनस्पतीच इथे टिकतात. पहिल्या पावसात पांढरी दीपकाडी येते, ती कोकणाबाहेर सापडत नाही. श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा पसरतो. ही नाजूक दिसणारी बाई मांसाहारी आहे, मुळांसारख्या तंतूंवरच्या चिमुकल्या पिशव्यांत ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. कार्तिकात यातलं फारसं उरत नाही. गेंदाची वाळकी पांढरी बटणं मात्र उभी असतात, आणि एखाद्या ओलसर चिरेत दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या लाल केसांवर चिकट थेंब अजून चमकत असतात.

आणि गवत. आषाढात पोपटी, भाद्रपदात गर्द हिरवं, आता सोनेरी, मध्येच तांबूस. वाऱ्याने ते एका बाजूला झुकतं तेव्हा सगळा सडा हलल्यासारखा वाटतो. याच दिवसांत बायका विळे घेऊन गवत कापायला येतात, भारे बांधतात, गुरांची उन्हाळ्याची बेगमी होते. आता गुरं कमी झाली, तसे भारेही कमी झाले. न कापलेलं गवत माघ-फाल्गुनात वणव्याला मिळतं आणि वणवा सड्याच्या कडेच्या काजू-आंब्यांनाही सोडत नाही.

कुसळं कपड्यांत घुसतात म्हणून कुरकुर होते, तेव्हा एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. त्याची पिळलेली शेपटी उलगडते आणि कुसळ गरगर फिरतं. दवाने ओलं, उन्हाने कोरडं, असं फिरत फिरत बी जमिनीत स्वतःच स्वतःला पेरून घेतं. पुतण्याला हे दाखवलं त्या दिवशी आमची चाल तिथेच थांबली. पाण्याची अर्धी बाटली कुसळांवर संपली.

पाखरांसाठी दुर्बीण हवीच असं नाही. टिटवी आपण चढलो तेव्हापासून ओरडून सगळ्यांना वर्दी देत असते. चंडोल पायापाशी येईपर्यंत दिसत नाही, इतका त्याचा रंग मातीचा. गवतावर अगदी खालून, पंख उंच धरून तरंगत जाणारा पक्षी दिसला तर तो भोवत्या. उत्तर आणि मध्य आशियातून हिवाळ्याला येणाऱ्या या शिकाऱ्याला असाच मोकळा माळ लागतो, झाडीत त्याचं काही काम नाही. पडीक जमिनीवर झाडं लावण्याचा उत्साह सध्या फार आहे. त्या मंडळींनी भोवत्याचा विचार एकदा करावा, असं मला वाटतं.

आता चारनंतर निघण्याचं कारण. कशेळीच्या सड्यावर कातळात खोदलेला एक हत्ती आहे. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात जलचर-भूचर प्राण्यांच्या सत्तर-ऐंशी लहान आकृत्या. रेघा उथळ आहेत, डोक्यावरच्या उन्हात त्या पुसट होतात. सूर्य कलला की प्रत्येक रेघेत सावली भरते आणि पायाशी पसरलेला प्राणी उमटू लागतो. तरीही पूर्ण हत्ती एका नजरेत मावत नाही, त्याच्याभोवती चालावं लागतं. सोंड कुठली, यावर घरात एकमत व्हायला वेळ लागतो.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत अशी शेकडो कातळशिल्पं उजेडात आणली. गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच, कुठे पांडवांची चित्रं म्हणून, कुठे निव्वळ रेघा म्हणून. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातल्या नऊ ठिकाणांचा समावेश झाला, त्यात कशेळी आहे. दगडातल्या खोदकामाचं वय थेट मोजता येत नाही, पण ती दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत असं अनेक अभ्यासक मानतात. आकृत्यांत गेंडाही आहे. आज कोकणात गेंडा नाही, आणि शेतीची साधी खूणही या चित्रांत दिसत नाही. ज्यांनी ती कोरली त्यांच्या लेखी सडा पडीक नव्हता एवढं उघड आहे.

आज सड्यावर दोन गोष्टी वेगाने वाढताहेत, चिरेखाणी आणि हापूसच्या बागा. कातळात सुरुंगाने खड्डे फोडून, बाहेरची माती भरून कलमं लावतात. यातून घरं उभी राहिली, पोरं शिकली, तेव्हा नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण खोदण्याआधी कातळावरची माती झाडून बघायला काय हरकत आहे?

थोडं व्यवहाराचं. सडा मोकळा दिसला तरी जमीन कुणाची तरी असते, गावात विचारून जावं. पायात बूट हवेत, कारण फुरसं. वीत-दीड वीत लांबीचा हा विषारी साप रत्नागिरीच्या कातळावर मुबलक आहे, म्हणून मुलांना दगड उलटू देऊ नयेत. कातळशिल्पावर पाय देऊ नये, फोटोसाठी रेघांत खडू किंवा चुना तर मुळीच भरू नये. आणि अंधार पडायच्या आत उतरावं. सपाटीवर सगळ्या दिशा सारख्या दिसतात आणि मोबाइलची रेंज मध्येच जाते.

कशेळी लांब पडत असेल तर कोकण रेल्वेने उक्शीला जावं. तिथल्या सड्यावरही हत्ती आहे आणि ग्रामस्थांनी तो आपणहून जपला आहे. मुलं थोडी मोठी असतील तर राजापूरजवळचं देवाचे गोठणे गाठावं. वरच्या कातळावर एक मनुष्याकृती कोरलेली आहे आणि तिच्यावर होकायंत्र धरलं की सुई खरी दिशा सोडून भरकटते. जांभ्यात लोखंड भरपूर, हे तर आलंच, पण नेमक्या याच जागी माणूस का कोरला असेल यावर उतरणीची सगळी वाट वाद घालता येतो. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल, पण सुईचं साधं होकायंत्र मुलांच्या हातात द्यावं, मजा त्यातच आहे.